यमकातील ‘र’ : कीट्स आणि कॉक्नीचा आरोप

कोणते शब्द समोच्चारी आहेत हे कोश ठरवतो, असे गृहीत धरून यमकाची चिकित्सा करणारा समीक्षक नकळत स्वतःच्याच उच्चाराला प्रमाण मानत असतो. १८१८ च्या ऑगस्टमध्ये एडिंबरोच्या ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’मधून जॉन कीट्सवर झालेला हल्ला या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. ‘झेड’ या सहीआडून लिहिणाऱ्या जॉन गिब्सन लॉकहार्टने कीट्सच्या काव्यरचनेवर दोन दोष लादले : ली हंटकडून उचललेली सैल छंदोरचना आणि ‘कॉक्नी’ यमके. त्याच लेखात कीट्सने औषधाच्या दुकानात परत जावे, असा सल्लाही आहे. यमकाचा दोष आणि कवीची जात-पायरी एकाच दमात उच्चारली गेली, हे नजरेआड करता येत नाही.

प्रत्यक्षात प्रश्न एका ‘र’चा होता. ‘थॉर्न्स’ला ‘फॉन्स’, ‘सॉर्ट्स’ला ‘थॉट्स’, ‘हायर’ला ‘थेलाया’ अशी यमके कीट्स जुळवतो. लंडनकराच्या तोंडी व्यंजनापूर्वीचा आणि शब्दान्तीचा ‘र’ विरत चालला होता. जॉन वॉकरने १७९१ च्या उच्चारकोशातच त्याची दखल घेतली होती. ‘र’ गेला की ‘सोर्स’ आणि ‘सॉस’, ‘कोर्ट’ आणि ‘कॉट’ (‘कॅच’चा भूतकाळ) हे शब्द समोच्चारी होतात. लॉकहार्ट स्कॉटलंडचा; तेथील इंग्रजीत हा ‘र’ ठणठणीत उच्चारला जातो, त्यामुळे तेथे या जोड्या वेगळ्याच राहतात. (देवनागरीत लिहितानाही रफार आड येतो. रफारासह इंग्रजी वाचणाऱ्या आपल्या वर्गात कीट्सचे हे यमक चुकल्यासारखे वाटते, ते याचमुळे.)

स्वरांच्या बाबतीतही हेच घडते. ‘हेन्री द फोर्थ’च्या पहिल्या भागात फॉल्स्टाफकडे कारण मागितले जाते, तेव्हा तो एकदम ब्लॅकबेरींची गोष्ट काढतो. ‘रीझन’ आणि ‘रेझिन’, म्हणजे मनुका, यांचे उच्चार त्या काळी जुळत असल्याने हा विनोद साधत असे. आता तो टीपेशिवाय कळत नाही. मात्र शेक्सपिअरच्या बाबतीत अशा ठिकाणी संपादक टीप देतो, दोष देत नाही. ही सवलत कीट्सच्या वाट्याला आली नाही, कारण त्याचा उच्चार जुना नव्हता. तो नवा होता आणि लंडनच्या सामान्य नागर वर्गाचा होता.

१९१७ साली डॅनियल जोन्सने इंग्रजीचा उच्चारकोश प्रसिद्ध केला. त्याने आधाराला घेतलेले उच्चार दक्षिण इंग्लंडमधील, पब्लिक स्कूलांत शिकलेल्या कुटुंबांचे होते, म्हणजे ‘कॉक्नी’ या शब्दाने ज्यांच्यापासून कीट्सला दूर ठेवले गेले त्याच वर्गाचे. त्या कोशात व्यंजनापूर्वीचा ‘र’ नाही. ‘थॉर्न’ आणि ‘फॉन’ यांचे यमक तेथे निर्दोष जुळते.