वांझ कोण? कोंबड्यांपासून सुरू झालेली एक चौकशी

मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा मी शाळेत शिकवते, त्यामुळे लिंगबदलाचे तक्ते माझ्या पाचवीलाच पुजलेले. त्या तक्त्यात कधीच न येणारा एक शब्द आहे, वांझ. उर्दूत तोच बांझ. त्याचं पुल्लिंग काय? मराठीत लोक ‘नपुंसक’ म्हणतील, उर्दूत ‘नामर्द’. पण या दोन्ही शब्दांचा अर्थ वेगळा आहे. ज्याचं लग्न सुखाचं आहे, ज्याला दाढीमिशा आहेत, अंगात ताकद आहे, पण ज्याच्यापासून मूल होऊ शकत नाही, अशा पुरुषाला आपल्या बोलीत शब्दच नाही. अरबीतून आलेला ‘अकीम’ आहे, तो बाई आणि पुरुष दोघांनाही चालतो, पण तो शब्दकोशातच पडून आहे. मोहल्ल्यात कुणी वापरत नाही.

शब्द नाही, कारण मर्दपणा आणि बाप होण्याची क्षमता ही एकच गोष्ट आहे असं आपण धरून चाललो. एसटी स्टँडामागच्या भिंतींवर ‘मर्दाना कमज़ोरी’ आणि ‘पोशीदा अमराज़’च्या ज्या जाहिराती रंगवलेल्या असतात, त्याही हेच धरून चालतात. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कळायला विज्ञानाला फार वेळ लागला. कसं कळलं, ती कहाणी मला आपल्याला सांगायची आहे.

वृषण काढले की काय होतं, हे माणसाला हजारो वर्षं ठाऊक होतं. शेतकरी गोऱ्हे खच्ची करत आला, खाटीक खस्सी बोकडाचा भाव वेगळा सांगत आला. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल-जाहिजनं ‘किताब-अल-हयवान’ या सात खंडांच्या ग्रंथात खस्सी केलेल्या जनावरांवर आणि माणसांवर पानंच्या पानं लिहिली. आवाज, अंगाचा वास, शरीर, स्वभाव यांत काय बदलतं, हे त्यानं बारकाईनं टिपलं आहे. आपल्याकडे राजवाड्यांत ख्वाजासरा असत. रामदेवरायाच्या देवगिरीवर फौज घेऊन आलेला अल्लाउद्दीन खिलजीचा सेनापती मलिक काफूर ख्वाजासराच होता असं इतिहासकार सांगतात. (मर्दानगी म्हणजे तलवार असं मानणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.) जहांगीर बादशहानं आपल्या आत्मचरित्रात सिल्हटकडच्या प्रथेबद्दल लिहिलं आहे. तिथले लोक आपल्या काही मुलांना खस्सी करून सरकारी साऱ्याच्या बदल्यात सुभेदाराला देत. बादशहानं ही प्रथा बंद करण्याचा हुकूम काढला. एवढ्या मुलांच्या शरीराची नासधूस झाली, पण हा बदल का होतो, हे त्यातून कुणाला कळलं नाही.

१६७७ साली हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या लेव्हेनहूकनं स्वतः घासलेल्या भिंगाखाली वीर्य पाहिलं आणि त्यात वळवळणारे असंख्य जीव दिसल्याचं लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. हा नमुना कोणत्याही पापकर्मातून नाही, तर पत्नीशी झालेल्या संबंधानंतरचा आहे, असा खुलासाही त्या बिचाऱ्यानं केला. शुक्रजंतू दिसले खरे, पण ते कुणाच्या हुकमानं तयार होतात हा प्रश्न तसाच राहिला.

त्या प्रश्नाला पहिलं खरं उत्तर दिलं ते कोंबड्यांनी. जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठात आर्नोल्ड बर्थोल्ड नावाचे प्राध्यापक होते. १८४९ साली त्यांनी सहा तरुण कोंबडे घेतले. दोघांचे वृषण पूर्ण काढून टाकले. ते गप्प, भित्रे झाले. त्यांचा तुरा वाढला नाही, आरवणं आलं नाही. उरलेल्या चौघांचेही वृषण जागेवरून काढले, पण त्यातला एकेक परत पोटातच, आतड्यांजवळ ठेवून दिला. काहींना तर स्वतःचा नव्हे, दुसऱ्या कोंबड्याचा. हे चौघं मात्र झोकात वाढले. लाल तुरा, खणखणीत बांग, आपसांत मारामाऱ्या, कोंबड्यांमागे धावणं, सगळं यथास्थित. नंतर चिरून पाहिलं तेव्हा पोटातल्या त्या वृषणाला नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या दिसल्या, जुन्या मज्जातंतूंशी मात्र त्याचा काही संबंध उरला नव्हता. म्हणजे वृषणातून काहीतरी रक्तात उतरतं आणि ते सगळ्या शरीरावर काम करतं.

माझ्या मते या प्रयोगातली सगळ्यात मोलाची गोष्ट बर्थोल्डनी अधोरेखित केलेली नाही. या चार कोंबड्यांची वीर्याची वाट तुटलेली होती. ते पूर्ण कोंबडे होते, पण त्यांच्यापासून एकही पिल्लू होणं शक्य नव्हतं. मर्दपणा आणि बाप होणं या दोन गोष्टी ग्योटिंगेनच्या त्या खुराड्यात एकमेकींपासून सुट्या झाल्या होत्या. बर्थोल्डचा निबंध अवघा चार पानांचा. पुढची पन्नासेक वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

योगायोग असा की पुढच्याच वर्षी, १८५० साली, फ्रांझ लायडिग यांनी वृषणातल्या नळ्यांच्या मधल्या जागेत असणाऱ्या पेशींचं वर्णन केलं. १८६५ साली इटलीच्या एन्रिको सर्टोली यांनी नळ्यांच्या आतल्या, शुक्रजंतूंना कुशीत घेऊन वाढवणाऱ्या पेशी दाखवल्या. एकाच अवयवात दोन वेगळे कारखाने! बाहेरच्या लायडिग पेशी रक्तात हार्मोन सोडतात, आतल्या सर्टोली पेशी शुक्रजंतू पोसतात. एक चालू आणि दुसरा बंद असू शकतो. पण हे समजायला विसावं शतक उजाडावं लागलं.

मधल्या काळात थोडी गंमत झाली. पॅरिसमध्ये १८८९ साली ब्राउन-सेकार या बहात्तर वर्षांच्या नामवंत शास्त्रज्ञानं कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपण पुन्हा तरुण झाल्याचं विद्वानांच्या सभेत जाहीर केलं. आता आपल्याला माहीत आहे की हे हार्मोन पाण्यात जेमतेमच विरघळतं, त्यामुळे त्या पाण्याच्या अर्कात ते नावापुरतंच असणार. म्हातारबुवांना चढली ती आशेची नशा. पुढे सर्ज व्होरोनॉफ आले. इजिप्तच्या खेदिवाकडे नोकरीत असताना त्यांनी तिथले ख्वाजासरा पाहिले होते. १९२० पासून ते श्रीमंत युरोपियनांच्या शरीरात माकडांच्या वृषणांच्या चकत्या शिवू लागले. त्यांचा धंदा तुफान चालला. आपल्या भिंतींवरचे हकीम त्यांच्यापुढे अगदीच साधे म्हणायचे.

खरं काम रसायनशाळांत चाललं होतं. अडॉल्फ बुटेनांट यांनी १९३१ साली पुरुषांच्या, असं म्हणतात की पोलिसांच्या, सुमारे १५,००० लिटर लघवीतून एका पुरुषी हार्मोनचे १५ मिलिग्रॅम कण मिळवले. १९३५ साली ॲमस्टरडॅममध्ये अर्न्स्ट लाकर यांच्या गटानं बैलांच्या जवळजवळ १०० किलो वृषणांतून १० मिलिग्रॅम शुद्ध हार्मोन काढलं आणि त्याला टेस्टोस्टेरॉन हे नाव दिलं. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिका यांनी ते प्रयोगशाळेत तयार केलं. दोघांना १९३९ चं नोबेल मिळालं, पण नाझी सरकारनं बुटेनांटना ते स्वीकारू दिलं नाही.

आता कुणालाही वाटेल की मिळालं मर्दानगीचं औषध, द्या टोचून, होतील पोरं. इथेच कहाणी उलटी फिरते.

वृषणाचा मालक डोक्यात बसलेला असतो. मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी दोन हार्मोन सोडते. एलएच हे लायडिग पेशींना टेस्टोस्टेरॉन करायला सांगतं, एफएसएच हे सर्टोली पेशींना कामाला लावतं. पिट्यूटरीच्याही वर हायपोथॅलॅमस आहे. तिथून येणारा हुकूम नेमका काय आहे हे शोधण्यासाठी अँड्र्यू शॅली यांनी डुकरांचे आणि रॉजर गिलमाँ यांनी मेंढ्यांचे मेंदू लाखांनी गोळा केले, आणि वर्षानुवर्षं एकमेकांशी कडू स्पर्धा केली. १९७१ साली तो हुकूम सापडला, अवघ्या दहा अमिनो आम्लांचा. १९७७ साली दोघांना नोबेलही मिळालं.

ही सगळी व्यवस्था घरातल्या जुन्या कारभारणीसारखी आहे. डब्यात पीठ भरपूर दिसलं की ती दळण थांबवते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की मेंदूला वाटतं, माल भरपूर आहे. मग एलएच आणि एफएसएच दोन्ही घसरतात. रक्तात हार्मोन भरपूर, पण वृषणाच्या आत, जिथे ते रक्तापेक्षा कित्येक पट जास्त लागतं, तिथे ठणठणाट. शुक्रजंतू बनणं थांबतं. जागतिक आरोग्य संघटनेनं तर याचा उपयोग गर्भनिरोधक म्हणून करून पाहिला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं गेलं. त्यातल्या १५७ जणांच्या वीर्यातून शुक्रजंतू पार नाहीसे झाले. आज जिममध्ये दंड फुगवायला पोरं गुपचूप हेच टोचून घेतात. बहुतेकांचं काम बंद केल्यावर हळूहळू पूर्वपदावर येतं, पण त्याला महिनोन्‌महिने लागतात. एक शुक्रजंतू तयार व्हायलाच सुमारे अडीच महिने लागतात.

या शोधात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. वृषणातून पिट्यूटरीला ‘आता एफएसएच पुरे’ असं सांगणारा एक निरोप जात असावा, त्याला इन्हिबिन हे नाव १९३२ सालीच दिलं गेलं होतं. परळच्या इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शनमध्ये डॉ. ए. आर. शेठ आणि सहकारी ते मानवी वीर्यात शोधत होते. त्यांना ९४ अमिनो आम्लांचं एक प्रथिन मिळालं. १९८५ च्या सुमारास जगातल्या इतर गटांना सापडलेलं इन्हिबिन मात्र वेगळंच निघालं. परळचं प्रथिन मुख्यतः प्रोस्टेट ग्रंथी बनवते आणि आता त्याचा अभ्यास त्या अंगानं होतो. तिकडे बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये एन. आर. मुदगल यांनी दक्षिणेतल्या बॉनेट माकडांना एफएसएचविरुद्ध लस दिली. शुक्रजंतू घटले, टेस्टोस्टेरॉन जागेवर राहिलं. पुढे त्यांनी मोजक्या पुरुष स्वयंसेवकांवरही ती तपासली. बर्थोल्डच्या खुराड्यातली फारकत इथे एका लसीनं करून दाखवली. पण ना ही लस बाजारात आली, ना ते इंजेक्शन. गोळ्या, तांबी, ऑपरेशन, सगळं अजून बायकांच्याच वाट्याला आहे.

आणि दोषही. माझ्या ओळखीच्या एका बाईंची सात वर्षं तपासण्या, तावीज आणि मन्नती यांत गेली. नवऱ्याची तपासणी झालीच नाही, कारण ‘त्याला काय झालंय, पहिलवान आहे.’ शेवटी तलाक झाला. त्यानं दुसरं लग्न केलं. त्या घरातही पाळणा हलला नाही, आणि आता त्या दुसरीची तपासणी सुरू आहे. मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण, एकटं किंवा बाईच्या कारणासोबत, असतं असं डॉक्टर सांगतात. १९९२ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी ६१ जुने अभ्यास एकत्र करून दाखवलं की १९४० ते १९९० या काळात शुक्रजंतूंची सरासरी मिलिलिटरला ११.३ कोटींवरून ६.६ कोटींवर आली. या आकड्यांवर अजून वाद चालू आहे. मोजण्याची पद्धत बदलली, नमुने सारखे नव्हते, असे आक्षेप आहेत, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पण निदान तिकडे पुरुषांनी मोजून तरी घेतलं.

वीर्याची तपासणी ही सगळ्या तपासण्यांत सोपी. ना सुई, ना भूल, ना टेबलावर झोपणं. दोन-पाच दिवसांचा संयम, एक डबी आणि सूक्ष्मदर्शक, म्हणजे लेव्हेनहूकच्याच भिंगाचा नातू. बाईच्या नळ्यांमध्ये औषध सोडून एक्स-रे काढण्याआधी ती व्हायला हवी. आमच्याकडे ती सगळ्यात शेवटी होते, आणि बऱ्याचदा त्या चिठ्ठीवर नावही नवऱ्याचं नसतं, ‘अमुकची मिसेस’ असं लिहिलेलं असतं.