नऊ मैलांची चढण

कसारा हे मुंबईच्या लोकलचे ईशान्येकडचे शेवटचे स्थानक. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे १२१ किलोमीटरवर, शहापूर तालुक्याच्या टोकाला, सह्याद्री जिथे एकदम उभा राहतो तिथे ते आहे. पुढे इगतपुरीपर्यंतची चढण म्हणजे थळ घाट. बोलण्यात मात्र तो कसाऱ्याचाच घाट. मुंबईहून निघालेला लोहमार्ग कसाऱ्याला १ जानेवारी १८६१ रोजी पोचला आणि इगतपुरीला १ जानेवारी १८६५ रोजी. अंतर फक्त नऊ-सव्वानऊ मैलांचे. खोदाई त्याआधीच सुरू झाली होती, म्हणजे या नऊ मैलांवर लागलेला काळ चार वर्षांहून बराच जास्त होतो. इतके लांबलेले काम मधेच सुटले कसे नाही, हा या घाटाच्या इतिहासातला खरा प्रश्न आहे. अभियांत्रिकीची वर्णने पुष्कळ झाली आहेत. काम टिकले कशावर, याचा विचार त्या मानाने कमी झाला.

सुरुवात मार्गाच्या निवडीपासूनच लांबली. १८४० च्या दशकात मुंबईहून वऱ्हाड-खानदेशच्या कापसापर्यंत रेल्वे नेण्याची कल्पना जॉर्ज क्लार्क आणि जॉन चॅपमन यांनी मांडली, तेव्हा सह्याद्री चढण्यासाठी त्यांच्या डोळ्यांसमोर मुरबाड तालुक्यातला माळशेज घाट होता. नकाशावर ते सोयीचे दिसे. एकच चढण चढायची आणि वर गेल्यावर एक फाटा उत्तरेकडे, एक दक्षिणेकडे काढायचा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘जीआयपी’, हिने मुख्य अभियंता म्हणून नेमलेला जेम्स जॉन बर्कली १८५० मध्ये मुंबईला आला. डोंगराची पाहणी सुरू झाल्यावर माळशेजचा कडा आगगाडीला झेपणारा नाही हे उघड झाले. एका घाटाऐवजी दोन घाट घ्यावे लागले, पुण्याकडे बोर आणि नाशिककडे थळ. ज्या कल्पनेवर कंपनी उभी राहिली तीच टाकून द्यायची आणि तरी कंपनी चालू ठेवायची, ही सोपी गोष्ट नव्हती. या निवडीने शहापूर तालुक्याला वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा अशी स्थानकांची माळ मिळाली. शेजारच्या मुरबाडला अजूनही रेल्वे पोचलेली नाही. दोन तालुक्यांच्या बाजारपेठांत आज दिसणाऱ्या फरकाचे एक मूळ त्या जुन्या पाहणीत आहे.

चढण किती अवघड होती ते एका आकड्यात सांगता येते: ३७ ला १. म्हणजे रुळावर ३७ फूट पुढे गेले की गाडी एक फूट वर गेली पाहिजे. बैलगाडीच्या घाटाला हा उतार सौम्य वाटेल, पण लोखंडी रुळावरच्या लोखंडी चाकाला तो फार आहे. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या नैऋत्येला लिकीची चढण जवळजवळ याच उताराची होती आणि १८४० पासून तिच्यावर गाड्या चढत होत्या, पण ती दोन मैलांतच संपते. थळ घाटात ९७२ फूट चढायचे होते. त्यासाठी १३ बोगदे पाडावे लागले, दऱ्यांवर पूल बांधावे लागले. त्यांतला एहेगावचा पूल सर्वांत उंच, दरीच्या तळापासून सुमारे १८० फूट. डोंगराची एक सोंड अशी आडवी आली की गाडीला वळायलाच जागा उरली नाही. तिथे उलटे स्थानक केले. गाडी सपाट जागेवर थांबायची, इंजिन एका टोकाचे दुसऱ्या टोकाला जायचे आणि गाडी आल्या दिशेच्या उलट दिशेने पुढची चढण चढायची. ही तडजोड होती आणि करणाऱ्यांनाही ते ठाऊक होते. पण तिने अनेक वर्षांचे खोदकाम वाचवले. मोठी कामे तडीस जातात त्यात अशा वेळेवर केलेल्या तडजोडींचा वाटा मोठा असतो.

खोदाई सगळी हातांची. सह्याद्रीचा काळा कातळ पहारीने आणि छिन्नीने भोके पाडून, त्यात बंदुकीची दारू ठासून, सुरुंगाने फोडायचा. डायनामाइटचे पेटंट १८६७ चे, म्हणजे घाट पुरा झाल्यानंतरचे. आल्प्स पर्वतातल्या माँ सेनी बोगद्यात १८६१ पासून दाबाच्या हवेवर चालणारी छिद्रयंत्रे आली होती. सह्याद्रीत यंत्राच्या जागी माणसेच होती. पुरुषांनी फोडायचे आणि बायका-मुलांनी पाट्या वाहायच्या, अशी कुटुंबेच्या कुटुंबे कामावर येत. माती आणि दगड यांत पिढ्यानपिढ्या मुरलेले वडार या कामात पुढे होते, पण त्यांच्याखेरीज घाटमाथ्यावरून आणि कोकणपट्टीतून आलेले शेतकरी, शेतमजूरही पुष्कळ होते.

या माणसांचे वर्ष रेल्वेच्या वेळापत्रकावर चालत नव्हते. इगतपुरीच्या कड्यावर दर पावसाळ्यात शंभर इंचांहून जास्त पाऊस पडतो. मृगाच्या तोंडावर मजूर आपापल्या गावी परतायचे. नागली, वरई, भात पेरायचे असे, आणि तसेही कोसळत्या पावसात उघड्या कड्यावर काम करणे शक्य नव्हते. बोगद्यांच्या आत थोडीफार खोदाई चाले, बाकी घाट ओस. दिवाळीच्या सुमारास माणसे पुन्हा गोळा करायची, म्हणजे मुकादमांना गावोगाव पाठवायचे, उचल द्यायची, झोपड्या नव्याने उभारायच्या, पावसाने ढासळलेला भराव आधी सारखा करायचा आणि मग गेल्या उन्हाळ्यात जिथे थांबलो तिथून पुढे जायचे. दरवर्षी कामाचा काही भाग असा मागचे भरून काढण्यातच जाई. लांब काम करणाऱ्या कोणालाही हा अनुभव ओळखीचा वाटेल. इथे तो हजारो माणसांच्या वाट्याला एकदम येत होता.

माणसे परत का येत? त्यांना मुंबई-कलकत्ता जोडण्याची ओढ होती असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. ती येत मजुरीसाठी, आणि मजुरी वेळेवर मिळाली तरच. हे किती खरे होते ते बोर घाटात दिसले. तिथे फेव्हियल या कंत्राटदाराकडे मजुरी तुंबली तेव्हा जानेवारी १८५९ मध्ये कर्जतच्या परिसरात मजुरांनी दंगल केली आणि तीत एक युरोपियन मारला गेला. चौकशी झाली. पुढच्या वर्षी सरकारने मालक आणि कामगार यांच्यातल्या तंट्यांसाठी कायदा केला, तो १८६० चा नववा कायदा. फेव्हियलने काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल भारतात पोचल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला आणि कंत्राट त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, पुढे चालवले. तिच्या कारकिर्दीत, १८६१ च्या सुरुवातीला, बोर घाटावरच्या मजुरांची संख्या ४२,००० वर गेली. मजुरी वेळेवर मिळते अशी खात्री पसरली की माणसे आपणहून येत, आणि ती खात्री मोडली की कोणत्याही भाषणाने थांबत नसत. थळ घाट त्या मानाने आटोपशीर काम होते, पण मजुरांचा साठा तोच आणि नियमही तेच. पटकीची साथ आली की मात्र मजुरी वेळेवर मिळूनही तळ रिकामे होत.

साहेबांकडच्या पैशाला वेगळा आधार होता. १८४९ च्या करारानुसार कंपनीच्या भागधारकांना ५ टक्के व्याजाची सरकारी हमी होती. गाड्या धावोत न धावोत, नफा होवो न होवो, व्याज सरकारी तिजोरीतून म्हणजे इथल्या रयतेच्या साऱ्यातून मिळणारच. पुढे दादाभाई नौरोजींसारख्यांनी या हमीवर कडक टीका केली आणि ती रास्त होती, कारण उधळपट्टीची किंमत कंपनीला मोजावी लागत नव्हती. पण लंडनमधल्या भागधारकाने इतकी वर्षे अपुरा घाट सहन का केला, याचे उत्तरही तिथेच आहे. त्याच्या धीराचे पैसे दुसरेच कोणी भरत होते.

काम तगून राहण्याचे तिसरे कारण साधे होते. कंपनीने घाट पुरा होईपर्यंत वाट पाहिली नाही. मुंबई ते ठाणे १६ एप्रिल १८५३, कल्याण १ मे १८५४, वासिंद १८५५, आसनगाव १८६०, कसारा १८६१. जितके झाले तितके लगेच वाहतुकीला खुले केले गेले. घाटमाथ्यावरही इगतपुरी ते नाशिक हा टप्पा १८६१ मध्येच सुरू झाला. त्यासाठीचे रूळ आणि सामान रस्त्याने घाट चढवावे लागले. आता दोन्ही बाजूंना गाडी धावत होती आणि मध्ये नऊ मैलांचे खिंडार. मुंबईहून आलेल्या उतारूने कसाऱ्याला उतरायचे, बैलगाडीने किंवा तट्टावर घाट चढायचा आणि इगतपुरीला पुन्हा आगगाडीत बसायचे. कापसाच्या गासड्या याच वाटेने उलट्या खाली येत. ही गैरसोय दररोज डोळ्यांपुढे असणे हाच घाटावरच्या कामामागचा मोठा तगादा होता. त्यातच एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाचे भाव आकाशाला भिडले. खानदेश-वऱ्हाडचा कापूस आणि मुंबईचे बंदर यांच्यामध्ये त्या काळात अडून राहिलेला लोहमार्ग म्हणजे हे नऊ मैल. व्यापारी, सरकार, कंपनी सगळ्यांनाच घाई झाली. मुंबईत पैसा वाहत असल्याने मजुरीचे दरही चढले. घाट १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. त्याच वर्षी युद्ध संपले, कापूस कोसळला आणि मुंबईचा शेअरबाजार बुडाला. तेजीसाठी घाईने पुरे केलेले काम तेजी संपता संपता हाती आले, हा त्यातला विनोद.

बर्कलीने ते पाहिले नाही. प्रकृती ढासळल्याने तो इंग्लंडला परतला होता आणि ऑगस्ट १८६२ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी वारला. बोर घाट त्याच्या मृत्यूनंतर १८६३ मध्ये उघडला, थळ त्यानंतर दोन वर्षांनी. दोन्ही घाटांची कामे तो गेला म्हणून थांबली नाहीत. आराखडे, मोजण्या आणि कामाची पद्धत यांचा पाया त्याने इतका पक्का घातला होता की पुढच्यांना ते काम हाती घेता आले. मजुरांच्या बाबतीत मात्र तशी नोंदही राहिली नाही. किती माणसे कड्यावरून पडली, सुरुंगात सापडली, साथीत गेली, त्यांची नावे घाटात कुठे कोरलेली नाहीत.

घाट उघडला म्हणून काम संपले असे झाले नाही. उतरणाऱ्या गाड्यांचे ब्रेक हा कायमचा प्रश्न होता. सुटलेली गाडी चढावर नेऊन थांबवणारे खास आडफाटे घाटात ठेवले गेले. उलट्या स्थानकाची तडजोड पुढे नवा मार्ग काढून मोडीत काढण्यात आली. १९३० च्या सुमारास विजेची तार आली आणि घाटात स्वित्झर्लंडच्या विंटरथर कारखान्याच्या बनावटीची इंजिने दिसू लागली. लांब नाकाडांच्या आणि मधोमध जोड असलेल्या या इंजिनांना रेल्वेतल्या माणसांनी ‘खेकडा’ असे नाव दिले. ३७ ला १ चा उतार मात्र आजही तोच आहे. म्हणून नाशिककडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या कसाऱ्याला थांबतात, मागून ढकलायला बँकर इंजिने लागतात आणि ती इगतपुरीला सुटतात. पावसाळ्यात दरडी अजूनही येतात. जुलै २०२१ मध्ये कसारा घाटात दरडी कोसळून आणि उंबरमाळीजवळ रूळ पाण्याखाली जाऊन वाहतूक बंद पडली होती.

दीडशे वर्षांनंतर याच कड्याला समृद्धी महामार्ग भिडला. तोही तुकड्यातुकड्याने उघडला: नागपूर ते शिर्डी डिसेंबर २०२२, शिर्डी ते भरवीर मे २०२३, भरवीर ते इगतपुरी मार्च २०२४. या कामातही माणसे गेली. १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूर तालुक्यात सरळांबे येथे पुलाचे काम चालू असताना गर्डर बसवणारे अवजड यंत्र कोसळून २० जण मृत्युमुखी पडले. यंत्रे बदलली, दारूच्या जागी नवी स्फोटके आली, इगतपुरीजवळ जवळजवळ आठ किलोमीटरचा जुळा बोगदा झाला. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा सर्वांत शेवटी पुरा झालेला टप्पाही इगतपुरीपासून घाट उतरून आमण्यापर्यंतचाच होता. तो ५ जून २०२५ रोजी खुला झाला.