दोष पंपात नव्हता

गेल्या दिवाळीच्या आधी चार दिवस, हरभऱ्याच्या पेरणीच्या ऐन घाईत, आमच्या शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर रानात बंद पडला. कारण साधे होते. टाकीतले डिझेल संपेपर्यंत कोणी पाहिले नाही. पोराला पिटाळून कॅन आणला, टाकी भरली, किल्ली फिरवली. एंजिन कण्हले, पण पेटले नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. शेवटी बॅटरीही दमली.

शेत वाफशावर होते. ज्यांच्या घरी शेती नाही त्यांच्यासाठी सांगतो : जमीन फार ओली नाही, फार कोरडी नाही, अशी जी थोड्या दिवसांची अवस्था असते, तिला वाफसा म्हणतात. तो कोणाची वाट पाहत नाही. बैल बसला तर दुसऱ्याचा बैल मागून आणता येई. आता गावात बैलच उरलेले नाहीत.

ड्रायव्हर खाली उतरला. एंजिनाच्या कुशीला, इंधनाच्या मोठ्या पंपाला चिकटून, अंगठ्याएवढी एक मूठ असते. ती आटे सोडवून वर घेतली की खालीवर दाबता येते. हा हातपंप. टाकीतले डिझेल हाताने पुढे ढकलून नळ्यांतली हवा बाहेर काढण्यासाठी तो ठेवलेला असतो. ड्रायव्हरने शंभर वेळा दाबला असेल. गाळणीवरचा स्क्रू ढिला केला होता. त्यातून फेस येत होता, नुसता फेस. तासाभराने त्याने निकाल दिला, "पंप गेला. नवा आणावा लागेल."

तालुक्याहून मिस्त्री आले. त्यांनी मूठ चार वेळा दाबली, थांबले आणि म्हणाले, "गुरुजी, पंपाला काही झालेलं नाही. हवा मागून येतेय."

हे वाक्य ऐकताच मला एका फार जुन्या मिस्त्रीची आठवण झाली. १६३८ साली, वृद्ध आणि अंध झालेल्या गॅलिलिओचे शेवटचे मोठे पुस्तक हॉलंडातल्या लायडनला छापले गेले. त्यात तीन गृहस्थ गप्पा मारतात. त्यांतला एक सांगतो, एका हौदावर पंप होता. पाणी वर असेपर्यंत तो छान चाले, पाणी एका मर्यादेखाली गेले की बंद पडे. पंप बिघडला असे समजून त्याने कारागीर बोलावला, तर तो कारागीर म्हणाला की दोष पंपात नाही. पाणी फार खाली गेले आहे, आणि अठरा हातांहून जास्त उंच ते ओढून घेता येत नाही. त्या कारागिराचे नाव पुस्तकात नाही.

कारागिराचे निदान बिनचूक होते. कारण मात्र गॅलिलिओलाही नीट सांगता आले नाही. दोर स्वतःच्याच भाराने तुटावा तसा पाण्याचा खांब तुटत असेल, असा त्याचा तर्क. खरा उलगडा त्याच्या अखेरच्या दिवसांत त्याच्याजवळ राहिलेल्या टॉरिचेल्लीने केला. १६४४ सालच्या एका पत्रात त्याने आपले म्हणणे मांडले : आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहणारे जीव आहोत आणि त्या समुद्राला वजन आहे. पंप पाणी ओढत नाही. पंप फक्त जागा रिकामी करतो, पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा. तिचे बळ सुमारे दहा मीटर पाण्याएवढे, पाऱ्याच्या बाबतीत ७६ सेंटीमीटर.

विहिरीवर मोटरपंप असलेल्या माणसाला यात नवे काही नाही. नळीच्या तळाशी जो फूट-व्हॉल्व्ह असतो, ज्याला आपले शेतकरी खुशाल 'फुटबॉल' म्हणतात, त्यात काडी अडकली की पंप पाणी सोडतो. मग कळशीने पाणी ओतून त्याला भरावे लागते. ट्रॅक्टरचा हातपंप करतो ते हेच काम, पण डिझेलचे.

आता डिझेल या नावाकडे वळू. रुडॉल्फ डिझेल १८५८ साली पॅरिसमध्ये जन्मला, आईबाप जर्मन. त्याची कल्पना अशी की, हवा इतकी दाबावी की ती स्वतःच तापून लाल व्हावी आणि त्यात इंधन सोडताच ते पेटावे. ठिणगी नको, भट्टी नको. औग्सबुर्गच्या कारखान्यात काही वर्षे खटपट झाली आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये एंजिनाची रीतसर परीक्षा झाली. इंधनातल्या उष्णतेपैकी २६ टक्क्यांहून थोडे अधिक काम हाती लागले. सामान्य वाफेच्या एंजिनाला त्या काळी दहा टक्केही जड जात. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात तर एक डिझेल एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते! २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री हा माणूस इंग्लंडला जाणाऱ्या आगबोटीवरून नाहीसा झाला. कादंबरीकाराला मोह पडावा असेच ते प्रकरण आहे. पण आपल्याला ट्रॅक्टर सुरू करायचा आहे.

गंमत अशी की डिझेलच्या स्वतःच्या एंजिनाला आजच्यासारखी हवेची भीती नव्हती. इंधन सिलिंडरमध्ये फुंकण्यासाठी तो अतिशय दाबलेली हवाच वापरीत असे. हवा ही इंधनाची वाहक होती. पण त्यासाठी एंजिनाच्या जोडीला हवा दाबणारे दुसरे अवजड यंत्र लागे. ते लाकूडफाट्यासारखे एका जागी बसले तर ठीक. चाकांवर चढवून नांगराला कसे जुंपणार? १९०९ साली जर्मनीत प्रॉस्पर लोरांजने सिलिंडरशेजारी छोटी खोली काढून हवेच्या फुंकरीवाचून इंधन जाळण्याची युक्ती शोधली. १९२० नंतरच्या दोन-चार वर्षांत डिझेलवर चालणारे पहिले ट्रॅक्टर निघाले. खरा अडसर होता पंपाचा. १९२२ साली रॉबर्ट बॉशने तो पंप करायचे ठरवले आणि १९२७ मध्ये तो कारखान्यातून नियमित बाहेर पडू लागला. त्यातला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यातली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. नोझल उघडायलाच शंभराहून अधिक वातावरणांचा दाब हवा.

इथून हवा वैरीण झाली. द्रव दाबला जात नाही, म्हणून दट्ट्याचा धक्का जसाच्या तसा नोझलपर्यंत पोचतो. मध्ये एक बुडबुडा आला की तोच दबतो आणि फुगतो. दाब त्याच्यातच जिरतो, नोझल मिटलेले राहते. सिलिंडरमध्ये ज्या हवेवाचून हे एंजिन पेटत नाही, तीच डिझेलच्या नळीत शिरली की एंजिन मुके. हवेची फुंकर गेली आणि तिच्या जागी माणसाचा हात आला : टाकी रिकामी झाली, गाळणी बदलली, नळी सोडली, की प्रत्येक वेळी हाताने हवा काढा.

आपल्याकडे शेतकऱ्याला डिझेल एंजिन भेटले ते बहुतेक विहिरीच्या काठावर. लोखंडी नांगरांनी आणि घरोघर वाचल्या गेलेल्या मासिकांनी ज्यांचे नाव झाले, त्या किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्यात ऑइल एंजिनांची कंपनी काढली. १९५१ साली मायको निघाली आणि बॉशच्या धर्तीचे पंप या देशात होऊ लागले. ट्रॅक्टर बाहेरून येत. कांसाने गिळलेल्या मध्य भारतातल्या जमिनी मोकळ्या करण्याच्या यंत्रांसाठी १९४९ साली जागतिक बँकेने एक कोटी डॉलरचे कर्ज दिले होते. (आपल्याकडे हरळी आणि कुंदा ज्याने खणला, त्याला कांस म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको.) १९५९ पासून इथेच ट्रॅक्टर जुळू लागले. यंत्र आले, त्याची पुस्तिका इंग्रजीत आली, आणि ती न वाचता आमच्या मिस्त्री लोकांनी ते शिकून घेतले. 'हवा धरली' हा शब्द त्यांचा. एवढ्या दोन शब्दांत सगळे निदान येते.

आमच्या मिस्त्रींनी काय केले ते सांगतो. टाकीकडून पंपाला येणारी नळी त्यांनी सोडली, तिच्या जागी हातभर रबरी नळी लावली आणि तिचे टोक स्वच्छ डिझेलच्या डब्यात बुडवले. आता मूठ दाबली तर दहा-पंधरा दाबांत फेस संपून काचेसारखी धार आली. म्हणजे पंप ठीक, गाळणी ठीक. खोट टाकी आणि पंप यांच्या मधे.

"पण तिथं थेंबसुद्धा गळत नाही!" ड्रायव्हर म्हणाला.

"गळेल कसं? तिथं ओढ आहे. पंपाच्या पुढं फट असली तर डिझेल बाहेर येतं, मागं असली तर हवा आत जाते. डोळ्याला दिसणारच नाही."

टॉरिचेल्लीने हे ऐकले असते तर त्याने मिस्त्रींना मिठी मारली असती. हवेचा सगळा समुद्र केसाएवढ्या चिरेतून आत घुसत होता आणि आम्ही तासभर पंपाला शिव्या देत होतो.

पंप कधीच बिघडत नाही असे नाही. मूठ खालीवर होते पण हाताला भारच लागत नाही, तेव्हा बहुधा आतल्या झडपेखाली कचरा असतो. काही ट्रॅक्टरांवर मुठीऐवजी खटका असतो, तो कधी हलतच नाही; एंजिन थांबताना आतला उंचवटा नेमका त्याच्याखाली आलेला असतो. एंजिन एक फेरा फिरवले की खटका मोकळा. आणि टाकीच्या झाकणाचे भोक चिखलाने बुजले, तर हवेला आत येऊन डिझेल ढकलायला वाटच राहत नाही. तिथे मात्र हवा नको नव्हे, हवी असते.

चीर सापडली ती क्लिपखाली, रबरी नळीच्या वळणाशी. पुढचे दोन बोटे कापून टाकून नळी पुन्हा चढवली. हातपंप मारला, गाळणीचा स्क्रू धार स्वच्छ येताच मूठ दाबलेलीच ठेवून आवळला, मग मोठ्या पंपाचा. शेवटी नोझलकडच्या नळ्यांचे नट ढिले करून दुसऱ्याच्या बॅटरीवर एंजिन फिरवले. मिस्त्रींनी जवळ वाकलेल्या पोरांना हाताने मागे सारले. नोझलचा फवारा कातडीत शिरतो, तिथे बोट नेणाऱ्याचा हात जायची वेळ येते. नट आवळले, मूठ खाली दाबून आट्यांवर घट्ट बसवली.

पहिल्या फेऱ्याला दोन ठोके आले आणि थांबले. दुसऱ्याला पांढरा धूर. तिसऱ्याला एंजिन सगळ्या सिलिंडरांनी बोलू लागले. मिस्त्री हात पुसत म्हणाले, "आता बंद करू नका, सरळ पेरायला घ्या."

पेरणी रात्री दिव्यांच्या उजेडात झाली. मिस्त्रींची मजुरी शंभर रुपयांनी कमी करावी, असे मालकांच्या मनात होते, कारण एवढा वेळ गेला तो फक्त दोन बोटे नळी कापायला. मी काही बोललो नाही. काकूंनी आतून फराळाचे ताट आणले आणि मग मालकांनी पुरे पैसे दिले.