मतपेटीतून मतपत्रिकेकडे

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३२ लक्ष मतदारांची नोंद झाली होती. त्यांपैकी बहुसंख्य निरक्षर होते. म्हणून मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या कारकिर्दीत प्रत्येक उमेदवारास, त्याचे चिन्ह लावलेली स्वतंत्र मतपेटी देण्यात आली. मतपत्रिकेवर ना उमेदवाराचे नाव होते, ना मतदारास काही खूण करावयाची होती. ती कोणत्या पेटीत पडली, एवढ्यावरच मत ठरे.

या योजनेने मोजणी सोपी झाली हे खरे. परंतु मताचा पुरावा कागदात न राहता पेटीत राहिला. निरनिराळ्या पेट्यांतील पत्रिका एकत्र मिसळल्या, की त्या मुक्या होत. मग फेरमोजणी कशाची करावयाची?

१९६०-६१ मध्ये केरळ व ओरिसा येथील मध्यावधी निवडणुकांत, आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत, सर्व नावे व चिन्हे एकाच पत्रिकेवर छापून शिक्का मारण्याची पद्धत आली. आता दोन चिन्हांच्या मध्ये उमटलेल्या शिक्क्याचा अर्थ लावण्याचे अवघड काम मोजणाऱ्यांवर पडले. तथापि प्रत्येक कागद स्वतःची साक्ष स्वतः देऊ लागला. मोजणीच्या सोयीपेक्षा पडताळ्याची शक्यता अधिक मोलाची, हेच या स्थित्यंतराचे तात्पर्य होय.