क्लूगे: दोन्ही बाजूंचा फील्डमार्शल

फील्डमार्शल गुंथर फॉन क्लूगे याने 18 ऑगस्ट 1944 ही तारीख घालून हिटलरला लिहिलेले पत्र आज उपलब्ध आहे. दुसऱ्याच दिवशी, जर्मनीला परत निघाला असताना, मेट्झच्या वाटेवर त्याने विष घेतले. पत्रात हिटलरच्या थोरवीची स्तुती आहे, नॉर्मंडीतल्या आव्रांशच्या दिशेने केलेला प्रतिहल्ला का फसला याचा खुलासा आहे आणि शेवटी, नवी शस्त्रे कामी आली नाहीत तर युद्ध थांबवा, अशी स्पष्ट विनवणी आहे. मृत्यूच्या दारातले लेखन म्हणून ते सरळ खरे मानण्याचा मोह होतो. पण या माणसाला हिटलरविरोधी कटाची माहिती किमान दीड वर्ष होती, हे ध्यानात ठेवूनच ते वाचले पाहिजे.

1943 च्या मार्चमध्ये स्मोलेन्स्कला त्याच्याच मुख्यालयात हेनिंग फॉन ट्रेस्को हा अधिकारी हिटलरच्या हत्येची तयारी करत होता. क्लूगेने त्याला पकडून दिले नाही. हिटलरवर सर्वांसमक्ष गोळ्या झाडायचा बेत मात्र त्याने होऊ दिला नाही. त्याआधी काही महिने, साठाव्या वाढदिवसाला, हिटलरने धाडलेला अडीच लाख राइशमार्कांचा धनादेशही त्याने ठेवून घेतला होता. ट्रेस्कोने त्यावरून त्याला फार सुनावले.

20 जुलै 1944 ला हिटलरवर बॉम्बहल्ला झाला. त्या संध्याकाळी क्लूगे, आता पश्चिम आघाडीचा सेनापती, सेन नदीकाठच्या ला रोश-गियोंच्या गढीत होता. तिथला वृत्तांत मुख्यतः श्पायडेल आणि ब्लूमेंट्रिट या दोन जनरलांच्या आठवणींवर उभा आहे. दोघेही युद्धानंतर बोलले आणि दोघांनाही स्वतःची बाजू मांडायची होती. त्यामुळे मेणबत्त्यांच्या उजेडातल्या त्या अबोल जेवणाच्या तपशिलावर मी फार भर देणार नाही. घटनांचा क्रम मात्र पक्का आहे. हिटलर मेल्याची तार बर्लिनहून आली आणि तो जिवंत असल्याचे रेडिओने सांगितले. कटाचा एक पुढारी जनरल बेक याने बर्लिनहून फोन करून साथ मागितली. अर्ध्या तासात कळवतो, असे सांगून क्लूगेने उलट फोन केलाच नाही. पूर्व प्रशियातल्या मुख्यालयातून जनरल स्टीफने, जो स्वतः कटात होता, हिटलर वाचल्याला दुजोरा दिला. तिथे विषय संपला.

याला निव्वळ भित्रेपणा म्हणणे मला पटत नाही. 1934 पासून जर्मन सैनिकांची शपथ देशाला नव्हे, हिटलर या व्यक्तीला बांधलेली होती. ती व्यक्ती गेली तरच आपण मोकळे, अशीच क्लूगेची अट होती आणि त्या रात्री ती पुरी झाली नाही. त्याला दोष द्यायचा तो या अटीसाठीच द्यावा. कारण ती पुरी करण्याचा धोका त्याने कायम दुसऱ्यांवर सोडला.

त्याची किंमत कार्ल-हाइनरिश फॉन श्ट्यूल्पनागेलने मोजली. फ्रान्सच्या या लष्करी शासकाने पॅरिसमधल्या एसएस आणि एसडी या नाझी संघटनांच्या सुमारे 1,200 जणांना अटक करण्याचा हुकूम देऊनच ला रोश-गियों गाठले होते. ते कळताच क्लूगे हादरला. त्याने कैद्यांना सोडायला लावले, श्ट्यूल्पनागेलला पदावरून दूर केले आणि, ब्लूमेंट्रिटच्या सांगण्यानुसार, साधे कपडे घालून नाहीसा हो, असा सल्लाही दिला. एकाच प्रसंगात हुकूम हिटलरच्या बाजूचा आणि सल्ला मित्राचा! पुढे त्याने हिटलरला अभिनंदनाची तार केली. श्ट्यूल्पनागेलने व्हर्दनजवळ स्वतःवर गोळी झाडली, त्यात तो आंधळा झाला आणि 30 ऑगस्टला त्याला फाशी दिले.

त्याच्या दुसऱ्याच दिवशीच्या लष्करी बैठकीचे लघुलिपीतले टिपण जळण्यातून वाचले आहे. त्यात हिटलर क्लूगेला दिलेल्या बढत्या, सन्मानचिन्हे आणि पैसे मोजून दाखवतो. 15 ऑगस्टला क्लूगे काही तास संपर्काबाहेर होता, तेव्हा तो शत्रूला शरण जायला निघाला होता, असा हिटलरचा संशय होता. वास्तविक त्या दिवशी फालेझच्या वेढ्यात विमानहल्ल्यांनी क्लूगेच्या बिनतारी संदेशाच्या गाड्या निकामी केल्या होत्या. शरणागतीचा आरोप त्याच्यावर आला तो असा, लढाईत अडकलेल्या दिवसाबद्दल.