नाच, पोट आणि कायदा



कामगारांचा इतिहास सांगताना आपण मुंबईची गिरणी, रेल्वे आणि अंबरनाथचा काडेपेटीचा कारखाना यांचा सांगतो. रात्री स्त्रीवेषात नाचून किंवा देह विकून पोट भरणाऱ्या तृतीयपंथी व समलिंगी माणसांना त्या इतिहासात जागा नाही. ते काम नव्हे, तो अनाचार, असे म्हटले की आपला हिशेब मिटतो. कायद्याने मात्र त्यांची दखल वेळोवेळी घेतली आहे. ती कशी घेतली, एवढेच आज पाहावयाचे आहे.

1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक भाग हिजड्यांविषयी होता. उत्तर हिंदुस्थानात पोलीस त्यांची नोंद ठेवीत. नोंद झालेल्याने रस्त्यावर किंवा पैसे घेऊन कोणाच्या घरी नाच केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद होई. गुन्हा चोरीचा नव्हे, नाचाचा! साहेब गेला, पण 1959 च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने गाण्यानाचण्याच्या मिषाने पैसे मागणे हीही भीकच ठरविली. म्हणजे नाच हे काम नाही, आणि भीक हा गुन्हा. मग त्या माणसाने जगावे कसे?

तिसरा कायदा 2005 चा. महाराष्ट्र सरकारने बारमधील नाचावर बंदी घातली. पण तीन व त्याहून अधिक तारे असलेल्या हॉटेलांना सूट दिली. नीतीसुद्धा तारे मोजून चालते, हे तेव्हा कळले! मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली ती बंदी रद्द केली, आणि 16 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. दरम्यान आठ वर्षे गेली. पोट आठ दिवस थांबत नाही.

या धंद्यात कोण होते? बेडिया, राजनट अशा, पिढ्यान्‌पिढ्या नाचावर जगणाऱ्या जातींच्या मुली पुष्कळ होत्या. त्यांच्याबरोबर तृतीयपंथीही होते. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी स्वतः बारमध्ये नाचल्या होत्या, आणि बंदीविरुद्ध त्या उभ्या राहिल्या. वर्षा काळे यांच्या भारतीय बारगर्ल्स युनियनने न्यायालयात लढा दिला. म्हणजे इथेही संघटनाच कामी आली.

तथापि सर्वांवर घाव सारखा पडला नाही. बार बंद झाल्यावर बाई धुणीभांडी तरी मागू शकते. तृतीयपंथीयाला ते दारही बहुधा बंद. त्याला खोली मिळत नाही, आणि कागदावरचे नाव एक व अंगावरचे कपडे दुसरे म्हणून रेशनकार्डही अडते. शिवाय कलम 377 होते. गिऱ्हाइकाने मारले, लुबाडले, तरी तक्रार करणे म्हणजे स्वतःचाच गुन्हा कबूल करणे. ते भय 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाने कायद्यापुरते सरले. त्याआधी 2014 साली तृतीय लिंगाला मान्यता मिळाली होती. 19 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, स्वखुशीने देहविक्रय करणाऱ्या प्रौढ व्यक्तीला पोलिसांनी छळू नये.

निकाल चांगले आहेत. पण निकाल हा हजेरीपट नव्हे. प्रॉव्हिडंट फंड, राज्य विमा, आजारपणाची रजा यांपैकी या धंद्यात काय आहे? जे मिळाले ते एकजुटीने. सांगलीत 1996 साली वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली, आणि त्याच चळवळीतून पुरुष व तृतीयपंथी देहविक्रेत्यांची ‘मुस्कान’ संघटना झाली. न्यू यॉर्कमध्येही 1970 साली मार्शा जॉन्सन ही कृष्णवर्णीय आणि सिल्व्हिया रिव्हेरा ही लॅटिन वंशाची, अशा दोघींनी संघटना काढून बेघर तृतीयपंथी मुलांना आसरा दिला. दोघीही त्याच धंद्याचे चटके सोसलेल्या होत्या.

दीडशे वर्षांत बंदीने नाच थांबला नाही. फक्त नाचणारा अधिक स्वस्त झाला, आणि पोलीस व मालक यांच्या अधिक हाती गेला. हा धंदा कोणी करू नये असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी आधी दुसरे काम द्यावे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथे कारखाने कमी नाहीत. त्यांच्या फाटकावर तृतीयपंथी माणूस अर्ज घेऊन आला, तर आपण त्याला आत घेणार काय? आणि आपली युनियन त्याची पावती फाडणार काय? या दोन प्रश्नांची उत्तरे न्यायालयाने नव्हे, आपण द्यावयाची आहेत.