शत्रूच्या गावातले सोबती : बायरॉइटला जाणारे परदेशी वाग्नरभक्त

१८७०-७१ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने पॅरिसला वेढा घातला. शहरातले अन्न संपले. लोक घोड्यांच्या आणि उंदरांच्या मांसावर दिवस काढू लागले. या वेढ्यात अडकलेल्या पॅरिसकरांची टवाळी करणारे एक प्रहसन एका जर्मन संगीतकाराने तेव्हा लिहिले आणि १८७३ मध्ये ते छापलेही. त्याचे नाव रिचर्ड वाग्नर. पुढे तीनच वर्षांनी, ऑगस्ट १८७६ मध्ये, काही फ्रेंच माणसे आगगाडीत बसून त्याच वाग्नरचे संगीत ऐकायला बव्हेरियातील बायरॉइट या छोट्या गावी निघाली. आजचा धागा त्यांच्याविषयी, आणि त्यांच्यामागून त्या वाटेने गेलेल्यांविषयी.

त्यांत पंचवीस वर्षांचा व्हँसाँ दँदी होता, कामीय सँ-साँस होता. हे दोघेही पुढे फ्रान्सचे मोठे संगीतकार म्हणून ओळखले गेले. वेढ्याच्या दिवसांत पॅरिसच्या रक्षणासाठी नॅशनल गार्डमध्ये दोघांनीही चाकरी केली होती. अशा माणसांना तिथे जावेसे का वाटले असेल?

पहिले कारण अगदी व्यावहारिक आहे. ध्वनिमुद्रण अजून यायचे होते. वाग्नरचे चार संध्याकाळी चालणारे ‘रिंग’ हे महानाट्य संपूर्ण स्वरूपात तोवर कुठेच रंगले नव्हते. पॅरिसमधल्या चाहत्यांनी त्याचे संगीत एका पियानोवर दोघांनी बसून वाजवलेले ऐकलेले असे. समुद्राचे वर्णन ऐकून समुद्र पाहिल्याचे समाधान मानावे, तसे. पुढे तिथल्या एका खासगी मंडळाने तर स्वतःला ‘छोटे बायरॉइट’ असेच नाव घेतले. शिवाय ‘पार्सिफाल’ (१८८२) बायरॉइटबाहेर कुठेही होऊ नये, अशी वाग्नरची इच्छा होती. ते ऐकायचे तर प्रवासाला पर्याय नव्हता.

हे नाट्यगृहही चाहत्यांच्याच बळावर उभे राहायचे होते. १८७१ मध्ये मानहाइमच्या एमिल हेकेलने पहिली वाग्नर-संस्था काढली. मग व्हिएन्ना, लंडन अशा ठिकाणी तशाच संस्था निघाल्या. ३०० थालरचे एक, अशी हजार आश्रयपत्रे विकण्याची योजना होती. उस्मानी सुलतान अब्दुलअझीझनेही हातभार लावला. तरीही हिशेब जुळला नाही. अखेर बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने एक लाख थालरचे कर्ज दिले, तेव्हा काम पुढे सरकले.

पहिला उत्सव म्हणजे गैरसोयींचा मेळाच होता. गावाची वस्ती जेमतेम वीस हजारांची, आणि पाहुणे जर्मन सम्राटापासून ब्राझीलच्या सम्राटापर्यंत! गावकऱ्यांनी आपापल्या घरांतल्या खोल्या भाड्याने दिल्या. जेवणासाठी तर झुंबड उडे. मॉस्कोच्या वृत्तपत्रासाठी लिहायला आलेल्या चायकोव्हस्कीने नोंदवले आहे की, लोक संगीताहून अधिक जेवणाविषयी बोलत होते. (थोर संगीतकारालाही भूक लागते, हे इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच सापडते.)

पण मैत्रीची बीजे याच गैरसोयीत होती, असे मला वाटते. इतरत्र ऑपेराला जाणारा माणूस दिवसभराचे काम उरकून येई, खासगी सज्जात बसे आणि मध्यंतरात आपल्याच वर्तुळात मिसळे. बायरॉइटला येणाऱ्याला दुसरे कामच नव्हते. प्रयोग दुपारी चारला सुरू होई. प्रत्येक अंकाआधी वादक सज्जातून तुतारीसारखी वाद्ये वाजवून लोकांना आत बोलावत. ही प्रथा आजही आहे. आत मानाचे सज्जे बाजूला काढून आसनांच्या अखंड ओळी मांडलेल्या, वाद्यवृंद खाली दडवलेला, दिवे मालवलेले. अंधारात शेजारी सरदार आहे की शिक्षक, हे कळायला मार्ग नव्हता. मध्यंतर तब्बल तासाभराचे असे आणि सगळे त्या ‘हिरव्या टेकडी’वर फिरत. रात्री गायक, वादक आणि श्रोते आंगरमान नावाच्या बिअरगृहात दाटीवाटीने बसत. कालपर्यंत आपल्या गावात ‘वाग्नरवेडा’ म्हणून एकटा पडलेला माणूस इथे आला की, त्याला सगळे गावच आपल्यासारखे वेडे भेटे.

या वेडाची जात काय होती ते पाहा. एमानुएल शाब्रिए हा पॅरिसमध्ये गृहखात्यातला कारकून. १८८० मध्ये तो मित्रांबरोबर म्युनिकला ‘ट्रिस्टान’ ऐकायला गेला आणि सुरुवातीचे सूर कानी पडताच हुंदके देऊन रडू लागला. त्याच वर्षी नोकरी सोडून तो पूर्णवेळ संगीताकडे वळला. १८८९ मध्ये बायरॉइटला ‘ट्रिस्टान’च्या पूर्वरंगातच गियोम लकू हा एकोणीस वर्षांचा बेल्जियन तरुण शुद्ध हरपून कोसळला, त्याला उचलून बाहेर न्यावे लागले.

घरी मात्र या हौसेची किंमत मोजावी लागे. ३ मे १८८७ रोजी शार्ल लामुरने पॅरिसमध्ये ‘लोहेनग्रीन’ सादर केले. नेमके तेव्हाच सीमेवर श्नेबेले नावाच्या फ्रेंच पोलीस अधिकाऱ्याला जर्मनांनी पकडल्याचे प्रकरण पेटले होते. नाट्यगृहाबाहेर जमाव जमला आणि पहिलाच प्रयोग शेवटचा ठरला. १८९१ मध्ये पॅरिसच्या ऑपेरागृहात तेच नाट्य झाले, तेव्हाही बाहेर निदर्शने आणि धरपकड झाली. त्या वातावरणात बायरॉइटला जाणे म्हणजे देशद्रोहाचा ठपका ओढवून घेणे होते. तरी क्लोद दबुसी १८८८ ला गेला, १८८९ ला पुन्हा गेला. (पुढे त्याने वाग्नरकडे पाठ फिरवली आणि स्वतःची निराळी वाट काढली, ही गोष्ट वेगळी.)

मला यातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो तो आल्बेर लाविन्याक याच्या १८९७ च्या बायरॉइट-मार्गदर्शिकेत. कसे जावे, कुठे राहावे, नाट्यांत काय ऐकावे, हे सगळे त्यात आहेच. पण शेवटी बायरॉइटला जाऊन आलेल्या फ्रेंच माणसांच्या वर्षवार याद्या आहेत, नावानिशी! ‘शत्रूच्या घरी’ गेल्याचा पुरावा लपवायच्या ऐवजी त्यांनी तो हजेरीपटासारखा छापला. आपण एकटे नाही, एवढेच त्यांना त्यातून सांगायचे असावे.

इथवरची कथा गोड आहे. पण श्रोत्यांनी एकमेकांना दिलेला आपलेपणा आणि टेकडीच्या मालकांनी दिलेला आपलेपणा या दोन वेगळ्या वस्तू होत्या. ‘पार्सिफाल’चा पहिला संचालक हरमान लेवी हा एका ज्यू धर्मगुरूचा मुलगा. वाग्नरने १८५० मध्येच ज्यूंविरुद्ध विखारी निबंध लिहिला होता. लेवीने बाप्तिस्मा घ्यावा, असाही त्याचा आग्रह असे. १८८१ मध्ये आलेल्या एका निनावी पत्राने लेवी इतका दुखावला की, त्याने जबाबदारीतून मुक्तता मागितली. वाग्नरने मनधरणी करून त्याला परत आणले. १८८३ मध्ये वाग्नरच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत लेवी होता, आणि १८९४ पर्यंत तो बायरॉइटला ‘पार्सिफाल’ सादर करत राहिला. त्याच्या हातावाचून चालत नव्हते. त्याला आपला मानणे मात्र जमले नाही.

याच्या अगदी उलट नशीब हाउस्टन स्ट्युअर्ट चेंबरलेन या इंग्रजाचे. आई तान्हेपणीच गेली, वडील आरमारात. आजीने त्याला फ्रान्समध्ये, व्हर्सायला वाढवले. धड कुठलाच नसलेला हा तरुण १८८२ मध्ये बायरॉइटला आला आणि त्याला घर सापडले. पॅरिसमध्ये १८८५ साली निघालेल्या ‘रव्ह्यू वाग्नेरियेन’ या चाहत्यांच्या मासिकात तो लिहू लागला. १९०८ मध्ये तो वाग्नरच्या मुलीशी विवाह करून त्या घराण्यातच सामावला. दरम्यान १८९९ मध्ये त्याने जो ग्रंथ लिहिला, तो वंशद्वेषी विचारांचा आधारग्रंथ ठरला. १९२३ मध्ये अडॉल्फ हिटलर त्याच्या भेटीला आला आणि चेंबरलेनने पत्र लिहून त्याचे कौतुक केले. परक्या गावी आसरा मिळालेल्या माणसानेच इतरांना दारे बंद करण्याचे तत्त्वज्ञान रचले.

आणि मग १९३६. टेकडी नाझींच्या कृपाछत्राखाली होती. त्या उन्हाळ्यातल्या श्रोत्यांत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस हा कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत होता. १९०३ च्या आपल्या पुस्तकातील एका कथेत त्याने एक कृष्णवर्णीय तरुण रंगवला होता: न्यूयॉर्कच्या नाट्यगृहात ‘लोहेनग्रीन’ ऐकताना हरवून गेलेला, आणि एका गोऱ्या प्रेक्षकाच्या तक्रारीवरून बाहेर काढला गेलेला. आता अडुसष्टाव्या वर्षी डू बॉइसने बायरॉइटला ‘लोहेनग्रीन’ पाहिले. त्याला कुणी उठवले नाही. जर्मनीत आपल्याला सौजन्याने वागवले गेले, हे त्याने पिट्सबर्गच्या वृत्तपत्रात स्पष्ट लिहिले. आणि देश सोडल्यानंतर तितक्याच स्पष्टपणे हेही लिहिले की, ज्यूंचा तिथे चाललेला छळ क्रौर्यात आणि जाहीर विटंबनेत त्याने पाहिलेल्या सगळ्या प्रकारांच्या वरताण आहे.

आज नाट्यगृहापुढच्या उद्यानात २०१२ पासून उभे केलेले उंच फलक आहेत. उत्सवात गायलेल्या-वाजवलेल्या आणि नंतर हाकलल्या, मारल्या गेलेल्या ज्यू कलावंतांची माहिती त्यांवर आहे. त्यांत ओटीली मेत्स्गर ही गायिका आहे. तिचा आउश्वित्झमध्ये खून झाला. मध्यंतर अजूनही तासाभराचे असते. देशोदेशींचे चाहते हातात पेला घेऊन बोलत बोलत या फलकांमधून फिरतात, आणि सज्जातून हाक आली की आत जातात.